म्हाळाईची पाठ

"इथनं म्होरं न्हाई," ठकूबाई म्हणाली आणि वाटेत काठी आडवी टाकून तिथंच दगडावर बसली.

मी खांद्यावरची चौकट खाली ठेवली. मीटरभर लांब, मीटरभर रुंद अशी ती साधी लाकडी चौकट. ती सड्याच्या उघड्या खडकावर टाकायची, तिच्या आत आलेली फुलझाडं जातवार मोजायची, आकडे तक्त्यात भरायचे आणि उचलून दोरीवरच्या पुढच्या खुणेला न्यायची. चार दिवस माझं हेच चाललं होतं. भाद्रपदाचा महिना, घटकेत ऊन, घटकेत पाऊस, आणि मध्येच धुकं असं उतरायचं की हातातली पेन्सिल दिसू नये. गुडघे सोलवटले होते. अठ्ठेचाळीस जागा ठरलेल्या, त्यातल्या छत्तीस झाल्या होत्या. उरलेल्या बारा त्या काठीच्या पलीकडे होत्या.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. निवास चौगुले, वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. डॉक्टरेटसाठी मी हा सडा घेतला होता. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेलं ते काळं पठार, त्यावर जांभ्या दगडाचा पापुद्रा. आठ महिने बघाल तर करपलेल्या तव्यागत उघडं. पावसाळ्यानंतर मात्र दोन महिने पाय ठेवायला जागा नाही इतकी फुलं. कुठलं फूल नेमकं कुठं येतं आणि तिथंच का येतं, हा माझा विषय. लोक ऐकून हसायचे. फुलं मोजून पोट भरतं होय, असं आमच्या वडिलांनीही विचारलं होतं.

ठकूबाई लांबोर मात्र हसली नव्हती. सड्याच्या दक्षिण अंगाला गवळी धनगरांची पाच घरं होती, त्यातल्या पहिल्या घरात ती राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लग्न होऊन गेलेली, आणि घरात चार म्हशी. पन्नाशीची बाई, पण चढाला मला मागं टाकायची. पहिल्याच दिवशी माझी चौकट बघून तिनं विचारलं की खाट विणायची राहिलीय का. मग मी काय मोजतोय ते तिला सांगितलं, आणि तिनं मलाच शिकवायला घेतलं. दोन बोटं माती असली की गेंद येतो, चार बोटं असली की तेरडा, आणि हात बुडेल इतकी असली की सोनकी. पाणी नुसतं पाझरत असेल तर सीतेची आसवं, साठून राहत असेल तर मंजिरी. पुस्तकात दोन प्रकरणं खर्चून जे लिहिलेलं होतं, ते बाईनं बोटं मातीत खुपसून चार वाक्यांत सांगितलं. माझी छत्तीस चौकटींची मोजणी तिच्या शब्दाबाहेर कुठंही गेली नाही.

आणि आता तीच बाई वाट अडवून बसली होती.

पठाराच्या उत्तरेला एक लांबट टोक होतं. त्याला ते लोक म्हाळाईची पाठ म्हणायचे. म्हाळाई ही त्यांची देवी. नागपंचमीपासून घट बसेपर्यंत देवी पालथी निजते, पाठ उघडी टाकून, अशी त्यांची समजूत. त्या दिवसांत त्या टोकावर कुणी पाय ठेवायचा नाही, गुरं सोडायची नाहीत, गवताची काडी उपटायची नाही.

"मावशी, मी चप्पल काढून जातो," मी म्हणालो. "काहीही उपटणार नाही. नुसतं मोजणार."

"बाईमाणूस उगड्या पाठीनं निजलंय, आनि तू तिच्या पाठीवर बसून मोजणार व्हय?" तिनं विचारलं. "तुज्या आईला चालंल का?"

मी घट बसल्यावर येतो म्हणालो, तर तीच म्हणाली की तेव्हा येऊन काय उपयोग, सगळं वाळून बी झालेलं असतं. तिला माझी दया आली असावी. तिनं मला शेजारी बसवून घेतलं, काठी उचलली आणि काठीच्या टोकानं धुक्यात दाखवत सांगायला लागली. त्या वाकड्या धोंड्यापलीकडे खडकाला चीर गेलीय, तिच्या दोन्ही अंगांना खरपुडी. तिथून पन्नास पावलांवर पाणथळ, तिथं फक्त गेंद आणि आसवं. मग पुन्हा चीर, पुन्हा खरपुडी, पार कड्यापर्यंत. खरपुडी म्हणजे कंदीलपुष्पाची एक बुटकी जात. आमच्या शास्त्रात तिच्या नावानं माणसं डोंगर पालथे घालतात. झालेल्या छत्तीस जागांत मला तिचं एकही झाड सापडलं नव्हतं.

ती घटकाभर बोलत होती. मी वही मिटून ऐकत होतो. मिटून, हे मुद्दाम सांगतो. ऐकीव गोष्टीला आमच्यात किंमत नव्हती. डोळ्यानं बघितलं आणि हातानं मोजलं तर ती माहिती, बाकी सगळ्या गप्पा. गप्पा छान झाल्या, तिनं ताक दिलं, आणि मी दुसऱ्या दिवशी खाली उतरलो.

इथून पुढचं सांगताना अजून जीभ अडखळते.

आमच्या तक्त्यात दोन गोष्टी निराळ्या असतात. कोरा रकाना म्हणजे माणूस तिथं गेलाच नाही. शून्य म्हणजे माणूस गेला, गुडघ्यावर बसला, नीट बघितलं, आणि तिथं काही नव्हतं. माझ्या तक्त्यात बारा रकाने कोरे होते. आमचे मार्गदर्शक हुल्याळकर सर, तसे देवमाणूस पण कामाला कडक. त्यांनी तक्ता बघितला आणि कोऱ्या रकान्यांवर बोट ठेवलं. परीक्षक पहिलं हेच विचारेल म्हणाले. पुरे करून आण.

एका म्हातारीनं काठी आडवी टाकली म्हणून मी परत आलो, हे त्यांना सांगायची मला लाज वाटली. खरं सांगितलं असतं तर सर पुढच्या वर्षी वेळ काढून ये म्हणाले असते. पण मला एक वर्ष घालवायचं नव्हतं. मी महिनाभर इकडं तिकडं काढला आणि एका दुपारी प्रयोगशाळेत बसून बाराच्या बारा रकान्यांत शून्य भरलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सरांना वाटलं मी जाऊन आलो. त्यांनी शाबासकी दिली, आणि ती मी घेतली.

दुसरा काही आकडा लिहिला असता तर ती लबाडी झाली असती, शून्य म्हणजे काय, काहीच नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आणि डोंगरावरच्या फुलांचा प्रबंध वाचतो कोण?

वाचणारा चार वर्षांनी भेटला.

तोवर मी डॉक्टर झालो होतो, एका कॉलेजात लागलो होतो, कायम व्हायला सहा महिने बाकी होते. भाद्रपदातच सरकारी पत्र आलं. सड्याच्या उत्तर टोकावर एका कंपनीला बॉक्साइटची खाण काढायची होती. त्याची जनसुनावणी घाटाखालच्या गावात शाळेच्या पटांगणात होणार होती, आणि ह्या पठाराचा एकमेव अभ्यासक म्हणून मी हजर राहावं असं त्यात म्हटलं होतं.

मांडव घातला होता. टेबलामागं अधिकारी, एका बाजूला कंपनीची माणसं, समोर सतरंजीवर वरच्या पाच घरांतली झाडून सगळी माणसं. खाण झाली तर त्यांचं पाणी जाणार होतं, कारण त्यांचा झरा त्याच टोकाच्या पोटातून निघायचा. पाणी गेलं की म्हशी गेल्या, आणि म्हशी गेल्या की घरं उठली. हे त्यांनी आपापल्या परीनं सांगितलं. अधिकारी भला होता, ऐकून घेत होता, पण झऱ्याबद्दल त्याच्या कागदांत कंपनीनं भरपूर काही लिहून दिलेलं होतं. मग कंपनीच्या माणसानं माझा प्रबंध काढला. त्यानं पान उघडलं आणि वाचून दाखवलं. उत्तर टोक, बारा चौकटी, दुर्मीळ वनस्पतींचा आढळ शून्य. उजाड खडक आहे साहेब, तो म्हणाला, फुलं मोजणाऱ्या अभ्यासकानंसुद्धा तिथं काही सापडल्याचं लिहिलेलं नाही.

तेवढ्यात सतरंजीवरून ठकूबाई उठली. केस पार पिकले होते. तिनं मला आधीच हेरलं होतं, आल्या आल्या लांबून हातही केला होता.

"ह्यो निवास हाय," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "आमच्या घरात जेवलाय. त्याला इचारा. तिथं काय हाय ते मी त्याला समदं सांगितलंय."

अधिकाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. "बोला सर. हिचं म्हणणं खरं आहे?"

मी उभा राहिलो. बोलायचं होतं ते एकच वाक्य. ती शून्यं खोटी आहेत, मी तिथं गेलोच नाही. पण त्या वाक्याच्या मागोमाग माझी पदवी जाणार होती, नोकरी जाणार होती, आणि पेपरात नाव येणार होतं. घरात चार महिन्यांची मुलगी होती. मी पुढ्यातल्या माणसांकडं बघितलं.

"मी स्वतः तिथं त्या वनस्पती पाहिलेल्या नाहीत," मी म्हणालो.

ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच तर ते वाक्य मला सुचलं.

मांडवात कुजबुज झाली. ठकूबाई उभीच होती. मला वाटलं आता ही मला शिव्या घालेल, आणि घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्याचं खरं हाय, साहेब," ती म्हणाली. "त्यानं बगितलं न्हाई, कारन मीच जाऊ दिलं न्हाई. देवीची पाठ व्हती. पोरगं खोटं कशापायी बोलंल?"

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं की नाही कोण जाणे. जेवायची वेळ झाली होती. उठताना तो एवढंच म्हणाला की कुणाला आणखी काही लेखी द्यायचं असेल तर पंधरा दिवसांत द्या.

मी मागच्या बाजूनं सटकत होतो. ठकूबाईनं मला शाळेच्या फाटकात गाठलं आणि माझं मनगट धरलं. ते लेखी म्हणजे काय, तिनं विचारलं. मी सांगितलं. तू आता मोजून कागद दिलास तर ते मानतील का, तिनं विचारलं. मी म्हणालो, मानावं लागेल. कंदीलपुष्पाची एवढी मोठी वस्ती तिथं आहे असं सिद्ध झालं तर खाण पुढं सरकणार नाही.

"मग चल," ती म्हणाली. "मी नेते."

"मावशी, घट बसायला अजून पंधरा दिवस आहेत."

"ठावं हाय."

"देवीचं काय?"

"देवीचं मी बगीन. तू तुजं मोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच वर गेलो. चौकट नव्हती, चार काठ्या बांधून तिनंच एक करून दिली. तिच्या दिरानं घरातून निघताना तिला अडवलं होतं. वहिनी, तू गेलीस तर आमच्यात राहू नकोस, असं तो म्हणाला होता. ती तरी निघाली. टोकाच्या हद्दीपाशी तिनं पदर डोक्यावरून घेतला, वाकून दगडाला हात लावला, आणि पुढं पाऊल टाकलं. चढाला मला मागं टाकणाऱ्या बाईचा पाय त्या सपाट खडकावर थरथरताना मी बघितला, आणि तरी तिच्या मागून गेलो.

आणि काय सांगू तुम्हाला, सगळं तिथं होतं. वाकड्या धोंड्यापलीकडची चीर, चिरेच्या दोन्ही अंगांना गवतातून वर आलेले ते बोटभर कंदील, फिकट हिरवे, आत जांभळी झाक. पन्नास पावलांवर पाणथळ, त्यात गेंदाची पांढरी बोंडं आणि निळी आसवं, आणि खरपुडीचं एक झाड नाही. मग पुन्हा चीर आणि पुन्हा खरपुडी. चार वर्षांपूर्वी तिनं धुक्यात बसून जे जसं सांगितलं होतं, ते तसंच्या तसं. बारा चौकटींत मिळून मी खरपुडीची एकशे त्रेसष्ट झाडं मोजली. मी आकडा मोठ्यानं सांगायचो आणि ती मान डोलवायची. तिला लिहिता येत नव्हतं, पण प्रत्येक आकडा वहीत गेला की नाही हे ती वाकून बघत होती.

काम झाल्यावर ती हद्दीबाहेर येऊन मटकन खाली बसली आणि रडली. थोडा वेळच. मग डोळे पुसून मला म्हणाली की आता कागद नीट लिही, तुझं अक्षर लई बारीक असतं.

मी घरी आलो. कागद नीट लिहिला. नकाशा काढला, आकडे भरले, खाली सही केली. पाकिटावर पत्ता घातला. पोस्ट आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं.

पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या टाकू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, सरांना एकदा विचारू, आणि विचारलं नाही. कारण विचारणं म्हणजे सांगणं. ह्या बारा जागांवर एकशे त्रेसष्ट झाडं असतील, तर त्याच बारा जागांवर तुमची शून्यं आली कुठून, हा प्रश्न कुणीही शेंबडं पोरसुद्धा विचारणार. मी रोज त्या पाकिटाकडं बघत होतो. रोज कॉलेजात जाऊन मुलांना निरीक्षण कसं करावं ते शिकवत होतो. एकदा पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलोसुद्धा, आणि पेटीत आमच्या वडिलांना लिहिलेलं पत्र टाकून परत आलो.

पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी मी ते पाकीट कपाटात कपड्यांखाली सरकवलं. त्या दिवशी मला गाढ झोप लागली, हेही सांगून टाकतो. बायकोला वाटलं, बऱ्याच दिवसांनी माणूस शांत झोपला. भ्यालो होतो, दुसरं काही नाही. त्याला मोठमोठी कारणं द्यायला मी नंतर पुष्कळ शिकलो, पण मूळ गोष्ट एवढीच.

सहा महिन्यांनी मी नोकरीत कायम झालो. वर्षभरानं टोकावर सुरुंग लागले. तिसऱ्या उन्हाळ्यात झरा आटला, आणि पाच घरांची माणसं चार वाटांनी पांगली. हे सगळं मला बातम्यांतून आणि इकडून तिकडून कळत राहिलं. आम्ही पाठीवर गेलो त्या वर्षी घटाला ठकूबाईला देवीपुढं बसू दिलं नाही, हेही कळलं. घटातला दिवा तीस वर्षं तीच लावत आली होती. मी वर गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो?

त्यानंतर बारा वर्षं गेली असतील. एका विद्यार्थ्याच्या लग्नासाठी मी घाटाखालच्या गावी गेलो होतो. लग्न उरकून एसटी स्टँडवर आलो, तर बाकावर ठकूबाई. पार वाळून गेली होती, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. मी ओळखायच्या आधी तिनंच मला ओळखलं. आता लेकीकडं राहते म्हणाली, म्हशी कधीच विकल्या. माझे केस बघून हसली. तुझीबी सोनकी झडली की रं, म्हणाली. मग जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि हळूच विचारलं.

"तुजा कागद त्यांनी मानला न्हाई व्हय रं?"

कुणी दुसऱ्यानं विचारलं असतं तर मी काहीही सांगितलं असतं. पण हिनं विचारलं होतं. आणि खरं सांगायला आता माझी नोकरी आडवी येत नव्हती, पदवी आडवी येत नव्हती, काहीच येत नव्हतं.

"नाही मानला, मावशी," मी म्हणालो.

तिनं सावकाश मान हलवली.

"कसा मानतील?" ती म्हणाली. "मी देवीच्या पाठीवर पाय दिला. तुज्या कागदाला यश कुटनं यायचं? माज्यापायी तुजी मेहनत वाया गेली बग. मनाला लावून घिऊ नगंस."

तिची एसटी वीस मिनिटं उशिरा आली. तेवढ्या वेळात सगळं सांगून झालं असतं. मी तिला नातवंडं किती आहेत ते विचारलं.